मोटारीची घरगुती दुरुस्ती आणि एअरबॅगविषयक दक्षता : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. कर्जत-खालापूर परिसरातही एअरबॅग असलेल्या मोटारी आता नित्याच्या झाल्या आहेत. भारतात नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. त्यामुळे स्टिअरिंग, डॅशबोर्ड वा आसन स्वतः उघडणाऱ्याने तिचे कार्य जाणणे अगत्याचे ठरते.

धडकेचा विद्युत संकेत मिळताच एअरबॅगमधील रासायनिक द्रव्य पेटते व सुमारे ३० मिलिसेकंदांत पिशवी वायूने फुगते. हाच स्फोट दुरुस्तीच्या वेळी घडल्यास चेहरा व हात गंभीर जखमी होऊ शकतात. बॅटरी काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार काही काळ टिकून राहतो, हे विशेष ध्यानात घ्यावे.

म्हणून प्रथम इग्निशन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. सामान्यतः पिवळ्या असणाऱ्या जोडण्यांना मल्टिमीटर लावू नये. काढलेली एअरबॅग आवरणाची बाजू शरीरापासून दूर ठेवून न्यावी व ती बाजू वर करूनच ठेवावी. सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरमध्येही स्फोटक द्रव्य असते. पुराचे पाणी शिरलेल्या मोटारीत जोडण्या गंजण्याचा संभव असल्याने तिचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवणे श्रेयस्कर होय.