अलक्ष्मीचा पत्ता

लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री, पूजा आटोपून मुले पेंगुळलेली असताना, जुन्या घरांतील एखादी वडीलधारी स्त्री माजघरापासून अंगणापर्यंत केरसुणीने केर लोटीत जाई, आणि दुसरी तिच्या मागोमाग सूप बडवीत चाले. धर्मशास्त्राने या विधीला अलक्ष्मी-निःसारण असे भारदस्त नाव दिले आहे. दारिद्र्य, कलह आणि अमंगल यांची अधिष्ठात्री जी अलक्ष्मी, तिला सुपाच्या आवाजाने भेवडावून उंबऱ्याबाहेर घालविल्याखेरीज धाकटी बहीण लक्ष्मी घरात स्थिरावत नाही, अशी त्यामागची श्रद्धा. आमच्या घरी आजी हा शिरस्ता निष्ठेने पाळीत असे. आणि अंगणाच्या कडेला पोचल्यावर मी तिला एकदा विचारले होते, की आता ही अलक्ष्मी जाणार कुठे? आजीने सूप खाली ठेवीत क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "जाईल कुठेतरी. आपल्या घरातून गेली, म्हणजे झाले."

त्या काळी हे उत्तर पुरेसे होते, कारण आजीच्या केरात राख, चुलीतली कोळशी, पालापाचोळा, भाजीची देठे आणि फार तर एखादा फुटका काचेचा तुकडा याखेरीज काही नसे. परसातल्या खड्ड्यात गेलेली तिची अलक्ष्मी पुढच्या पावसाळ्यात भोपळ्याच्या वेलाच्या रूपाने परत येई, आणि मग तिला लक्ष्मी म्हणावयाचे की अलक्ष्मी, हा प्रश्नच उरत नसे. आज मात्र अलक्ष्मीचा पत्ता निश्चित झाला आहे. पुणेकरांच्या बाबतीत तो कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी असा होता.

शहराच्या पूर्वेस, सासवडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या दोन गावांच्या शिवारात पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे नेऊन टाकला गेला. त्या ढिगांतून पाझरणाऱ्या काळ्या पाण्याने आसपासच्या विहिरी नासल्या, पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची पाळी आली, आणि दुर्गंधीचा व माशांचा उपद्रव तर नित्याचाच झाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तेथील कचरा डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि तीन आठवडे ते मागे हटले नाहीत. तेवढ्या अवधीत शहरातील चौकाचौकांत ढीग साचले आणि नाकाला रुमाल लावून चालणारे आम्ही नागरिक प्रशासनाच्या नावाने बोटे मोडू लागलो. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण आपण परक्याच्या विपत्तीविषयी वापरतो; त्या तीन आठवड्यांत मात्र जाते आणि सूप यांतले अंतर किती थोडे आहे, याची चुणूक साऱ्या शहराला मिळाली.

या साऱ्या अनर्थाचे मूळ शोधू गेल्यास ते एका फार क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियेत सापडते, आणि ती क्रिया म्हणजे मिसळणे. केळ्याची साल हे खत आहे, वर्तमानपत्र ही रद्दी आहे, दुधाची पिशवी आणि औषधाची बाटली यांना भंगारवाल्याकडे दर आहे. परंतु या चारही वस्तू एका बादलीत घालून वर उरलेली आमटी ओतली, की खताची किंमत गेली, रद्दीचा लगदा झाला, पिशवी बरबटली, आणि काही क्षणांपूर्वी ज्या चार जिनसा होत्या त्यांचा एक कचरा झाला. हा संमिश्र ढीग डेपोत एकावर एक दडपला जातो, तेव्हा आतल्या ओल्या पदार्थांना हवा मिळत नाही, आणि हवेवाचून कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निर्माण होतो. पृथ्वीच्या तापमानवाढीस हातभार लावण्याच्या कामी हा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट प्रभावी मानला जातो. अशाच ढिगांचा मुंबईचा देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. तेथे २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहरावर कित्येक दिवस पसरून राहिला होता.

मिसळण्याच्या विरुद्ध जी क्रिया, तिला मराठीत फार सुंदर शब्द आहे: निवडणे. तांदूळ निवडणे, मेथी निवडणे, शेंगदाण्यांतून खवट दाणा वेगळा काढणे, हे आमच्या घरांत इतके अंगवळणी पडलेले काम आहे, की बोलता बोलता बोटे आपोआप खडे वेचीत असतात. जी गृहिणी तांदळातला एक खडा सहन करीत नाही, तिच्याच ओट्याखालच्या बादलीत मात्र वाटेल ते वाटेल त्यासवे नांदते, ही विसंगती कोणाला खटकत नाही; कारण निवडण्याचे कष्ट आपण जे पोटात जाणार त्यासाठी घेतो, आणि जे दाराबाहेर जाणार ते निवडण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवितो.

तो दुसरा कोणी बहुधा एक स्त्री असते, आणि समाजाच्या उतरंडीत तिचे स्थान अगदी तळाशी असते. पुण्याच्या रस्त्यांवर पोते घेऊन कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या या कष्टकऱ्यांची संघटना, म्हणजे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत', १९९३ साली उभी राहिली. हमालांच्या चळवळीचे अध्वर्यू डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले आणि एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या अध्यापिकांनी तिची पायाभरणी केली. पुढे याच संघटनेतून कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जन्मली, आणि २००८ साली पुणे महापालिकेशी तिचा रीतसर करार होऊन, उकिरड्यात वाकणारी स्त्री घराच्या दाराशी सन्मानाने उभी राहिली. ती ओला व सुका कचरा वेगवेगळा घेते, घरटी ठरलेले शुल्क मिळविते आणि सुका माल विकून येणारी रक्कमही तिचीच असते. आपण कोरडा पुठ्ठा कोरडाच दिला तर त्याचे वजनावर दाम होते आणि त्यावर चहा सांडून दिला तर तो फेकावा लागतो, इतका हा साधा जमाखर्च आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर लाल ठिपका काढावा, ही मागणीही याच स्त्रियांनी पुढे आणली. पुडके न उघडताच आत काय आहे ते कळावे, एवढीच तिच्यामागची अपेक्षा. पर्यावरण या शब्दाचा उच्चारही न करता केलेली याहून माफक आणि याहून न्याय्य मागणी मला तरी ठाऊक नाही.

कायद्याने हे सारे केव्हाच सांगून ठेवले आहे. घनकचऱ्यासंबंधीचे नियम प्रथम २००० साली आणि त्यानंतर अधिक विस्ताराने २०१६ साली निघाले. या दुसऱ्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घराघरातच करण्याचे बंधन घातले. परंतु फर्मान निघणे आणि बादल्या बदलणे यांत मोठे अंतर आहे.

ओल्या कचऱ्याची तजवीज घरीच लावण्याचा माझा पहिला प्रयत्न फसला, हे येथे कबूल केले पाहिजे. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत मी भाजीची देठे आणि फळांच्या साली मोठ्या उत्साहाने घालीत गेलो, आणि दहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत तक्रार नोंदविली. दोष कुंडीचा नव्हता. कुजण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्राबरोबर कर्ब लागतो, साधारणतः एका भाग नत्रास पंचवीस ते तीस भाग कर्ब या प्रमाणात. हिरव्या देठांत नत्र भरपूर, आणि कर्ब असतो तो वाळलेल्या पानांत, लाकडाच्या भुशात, नारळाच्या काथ्यात. शिवाय या जीवांना हवा हवी असते, आणि ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतकाच. ओल्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर आणि आठवड्यातून एकदोनदा खालीवर करणे, एवढे पथ्य सांभाळल्यावर दुर्गंधी गेली, आणि तीन महिन्यांच्या आत हाती आलेल्या काळ्या, भुसभुशीत मातीला पहिल्या पावसाचा गंध होता. सोसायटीचा माळी रोज सकाळी आवारातली जी वाळली पाने पेटवून देत असे, ती तेव्हापासून माझ्याकडे येऊ लागली, हा आणखी एक लाभ.

या मार्गाने जाणाऱ्यांस महाराष्ट्रात पूर्वसूरींची वाण नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारा, गच्चीवरच्या चार पाट्यांतही कुटुंबापुरता भाजीपाला पिकू शकतो, हा विश्वास असंख्य सामान्य माणसांत रुजविला. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी शिळा भात, पीठ, सडकी फळे यांवर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र सिद्ध केले. शेणाचा वायू होण्यास आठवडेच्या आठवडे लागतात, तेथे पिष्टमय पदार्थांचे काम एकदोन दिवसांत उरकते, हे त्यांनी दाखवून दिले, आणि त्यांच्या संस्थेला त्यासाठी २००६ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार लाभला.

घरात जी सवय लागते ती कचेरीत सोबत जाते, असे मात्र समजू नये. घरी दिवा मालवणारा मनुष्य कचेरीत शिरताच बेफिकीर होतो, कारण तेथील विजेचे देयक त्याच्या खिशातून जात नाही. वास्तविक आमच्या जुन्या कचेऱ्यांना काटकसरीची उज्ज्वल परंपरा आहे. पाठकोऱ्या कागदावर मसुदा करणे आणि आलेला लिफाफा उलटा करून पुन्हा धाडणे, हे त्या काळच्या कारकुनाला कोणी परिपत्रकाने शिकविले नव्हते. आज तेवढीच पाठकोऱ्या कागदाची पेटी छपाईयंत्राशेजारी ठेवावी. दिवसातून चार वेळा मिळणाऱ्या चहाचा कागदी पेला आतून प्लास्टिकच्या पातळ थराने मढविलेला असल्यामुळे धड रद्दीतही जात नाही, म्हणून मेजाच्या खणात आपला कप ठेवावा. वातानुकूलन यंत्रांपुरते सांगावयाचे, तर केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने १ जानेवारी २०२० पासून ती मुळातच २४ अंशांवर लावून विकण्याचा दंडक घातला आहे, आणि तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असा ब्यूरोचा हिशेब आहे. तरीही भर वैशाखात अठरा अंशांवर बसून शाल पांघरणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

समाजाच्या पातळीवर येताच सवयीला सणाचे आणि कायद्याचे, असे दुहेरी बळ लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांची चर्चा घरोघर झाली. पुढल्याच वर्षी पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली आणि २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तिची व्याप्ती वाढून पहिल्या गुन्ह्यास पाच हजारांचा दंड ठरला. दंडाच्या भयाने काही महिने पुन्हा दिसू लागलेली कापडी पिशवी, अंमलबजावणीचा तगादा सैल होताच पुन्हा खुंटीला लागली. याउलट गणेशोत्सवाचे पाहा. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही; पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर तोड काढली, ती अशी की बेकरीत वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली असता तिचा कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो आणि वर उरते ते अमोनियम सल्फेट, म्हणजे झाडांचे खत. २०१६ पासून महापालिकेच्या साहाय्याने अनेक कुटुंबांनी बादलीत विसर्जन केले. येथे कोणी दंडाचा धाक घातला नव्हता. ज्या देवाला दहा दिवस आपला म्हटले, तो नदीकाठी भंगलेल्या अवस्थेत पाहणे लोकांनाच असह्य झाले होते. शाडूची मूर्ती आणली तर या रसायनाचीही गरज नाही, हे अर्थात खरेच.

यंदाच्या लक्ष्मीपूजनालाही नवी केरसुणी आणली जाईल, तिला हळदकुंकू वाहिले जाईल. आजीचे सूप माझ्याकडे अद्याप आहे. ते बडविण्याचा विधी आता आमच्या घरी होत नाही. पण त्यात तांदूळ निवडले जातात, आणि ओट्याखाली एका बादलीच्या जागी तीन बादल्या आल्या आहेत. दाराशी येणाऱ्या बाईंना परवा मी विचारले, की आमच्या घरचा माल कसा असतो? त्यांनी पोत्यात हात घालून पुठ्ठा चाचपला आणि म्हणाल्या, "कोरडा आहे, दादा." आजीला जे उत्तर देता आले नव्हते, त्याचा थोडा अंश त्या दोन शब्दांत मला मिळाला.