यूएसबी अ‍ॅडाप्टरची पारख

घरातील जुना संगणक पुष्कळदा एवढ्याच कारणासाठी अडगळीत पडतो की, घरच्या बिनतारी जाळ्याशी, म्हणजे वायफायशी, त्याला जोडणारा भाग त्यात नसतो. अंगठ्याएवढा यूएसबी अ‍ॅडाप्टर बसविला म्हणजे ही उणीव दूर होते. परंतु अ‍ॅडाप्टर निकृष्ट असेल तर जोडणी वरचेवर तुटते. परीक्षेचा अर्ज भरत असतानाच ती तुटली, तर होणारी हानी त्या वस्तूच्या किमतीहून कितीतरी मोठी असते. म्हणून तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

संगणकातील माहिती रेडिओलहरींवर आरूढ करून राउटरकडे पाठविणे आणि तिकडून आलेल्या लहरींतून माहिती वेगळी काढणे, हे अ‍ॅडाप्टरचे कार्य होय. या देवघेवीचे नियम ‘८०२.११’ या मानकात दिलेले आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे त्यात अनेक सुधारणा झाल्या.

घरगुती अ‍ॅडाप्टर मुख्यत्वे दोन पट्ट्यांवर काम करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. त्या भिंतींतून तुलनेने चांगल्या पार होतात; मात्र ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही वावर याच पट्ट्यात असल्याने तेथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर असते. त्या भिंतींमुळे अधिक क्षीण होतात. परंतु तेथे मार्गिका पुष्कळ आणि गर्दी कमी असते. यास्तव दोन्ही पट्टे वापरू शकणारा अ‍ॅडाप्टर घेणे श्रेयस्कर.

वेष्टनावरील मोठ्या आकड्याने मात्र भुलून जाऊ नये. ‘१२००’ हा आकडा सामान्यतः एका पट्ट्यावरील ३०० आणि दुसऱ्यावरील ८६७ मेगाबिट यांची ठोकळ बेरीज असतो. अ‍ॅडाप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो. शिवाय यूएसबी २.० या खोबणीची कमाल मर्यादाच दर सेकंदास ४८० मेगाबिट आहे. उच्च स्पष्टतेच्या चित्रफितीस दर सेकंदास सुमारे ५ मेगाबिट पुरतात. तेव्हा साध्या घरास प्रचंड वेगापेक्षा अखंड जोडणीच अधिक मोलाची.

ही अखंडता प्रामुख्याने आतील चिपवर आणि तिला चालविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नामक आज्ञावलीवर अवलंबून असते. एकाच नावाच्या वस्तूत निरनिराळ्या चिपा असू शकतात. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या अ‍ॅडाप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती; दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली. नाव तेच, पण ड्रायव्हर वेगळा. म्हणून केवळ नावावर न जाता आवृत्तीचा क्रमांक पाहावा आणि आपल्या संगणकाच्या कार्यप्रणालीसाठी, ती विंडोज असो वा लिनक्स, ड्रायव्हर उपलब्ध आहे याची खरेदीपूर्वीच खात्री करून घ्यावी.

सुरक्षिततेकडेही दुर्लक्ष करू नये. ‘डब्ल्यूईपी’ या जुन्या संकेतपद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले. अ‍ॅडाप्टरला निदान ‘डब्ल्यूपीए२’ आणि शक्य तर २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए३’ पद्धती वापरता आली पाहिजे.

चांगला अ‍ॅडाप्टरही अयोग्य जागी निष्प्रभ ठरतो. संगणकाच्या मागील बाजूस त्याचे पत्र्याचे कवच लहरींना अडविते. तसेच यूएसबी ३.० च्या जोडण्यांतून निघणारा विद्युत्-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय आणतो, असे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये दाखवून दिले. अशा वेळी मीटरभर लांबीची जोडतार लावून अ‍ॅडाप्टर मोकळ्या जागी ठेवावा.

खरेदीनंतर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच परीक्षा घ्यावी. ‘पिंग’ या आज्ञेने संगणकाकडून राउटरकडे तासभर संदेश पाठवीत राहावे. उत्तरे नियमित येत असूनही बाहेरील संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष बहुधा बाहेरील सेवेचा असतो. राउटरची उत्तरेच वारंवार चुकत असतील, तर अ‍ॅडाप्टर जागा बदलून, राउटरच्या जवळ नेऊन पाहावा; तरीही सुधारणा न झाल्यास तो परत करावा. वेष्टनावरील आकड्यापेक्षा अशी तासाभराची परीक्षाच अधिक विश्वसनीय होय.