दुधाची साय आणि बर्फाचे डोंगर

दोस्ता, एक गंमत करूया! हात लांब कर आणि अंगठा उभा धर. आता एक डोळा मीट. मग तो उघड आणि दुसरा मीट. अरेच्चा! अंगठ्याने टुणकन उडी मारली की! मागची भिंत मात्र जवळपास जागच्या जागी.

एसटीतही हेच दिसतं. साताऱ्याहून सांगलीला निघालं की रस्त्याकडेची झाडं भर्रकन मागे पळतात. लांबचे डोंगर मात्र आपल्यासोबत रेंगाळत येतात. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. एवढं कळलं की आकाशातून डोंगराची उंची मोजता येते!

खरंच! ५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्याला चक्क दोन कॅमेरे होते! एक पुढे बघायचा, दुसरा थोडा मागे. समजा, खाली साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला आला. पहिल्याने फोटो काढला की ५२ सेकंदांनी दुसरा काढणार! किल्ल्याचा माथा कॅमेऱ्याला जवळ, म्हणून दोन फोटोंत तो जास्त सरकलेला दिसतो. पायथा कमी. सरकणं मोजलं की उंची कळली!

आता चल अंटार्क्टिकाला! भारताच्या चौपटीहून मोठा खंड आणि जिकडेतिकडे पांढराशुभ्र बर्फ. आपलं भारती संशोधन केंद्र तिथेच आहे. त्याचा कारभार कुठून चालतो, ओळख पाहू? गोव्यातल्या वास्कोमधून!

पण इथली उंची मोजताना एक पंचाईत होते. पातेल्यातल्या दुधाचे दोन फोटो काढ. एका फोटोतला ठिपका दुसऱ्यात सापडेल का? छे! सगळं पांढरंच! पण दुधावर साय धरली की? सुरकुत्याच सुरकुत्या! मग जोड्या लावणं सोपं.

बर्फालाही अशी साय असते! वारा त्यावर लाटा कोरतो, मध्येच भेगा पडतात. तुझ्या एका पावलाएवढ्या खुणाही टिपणारे कॅमेरे उपग्रहांवर आहेत. मग महासंगणक बसतात 'जोड्या लावा' सोडवायला!

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा लाखो फोटोंमधून २०१८ मध्ये 'रेमा' हा अंटार्क्टिकाच्या उंचीचा नकाशा तयार केला. त्यातला एकेक चौकोन ८ मीटरचा, म्हणजे एसटीच्या लांबीपेक्षाही लहान! पुढे तर तो २ मीटरवर आला. आपल्या पलंगाच्या लांबीएवढा!

आणि पहिल्या नकाशात भोक कुठे राहिलं, माहितेय? नेमकं दक्षिण ध्रुवावर! चेंडूवर दोरा थोडा तिरका धरून गुंडाळत जा. टोकाला छोटंसं वर्तुळ मोकळं राहील. या उपग्रहांची वाटही अशीच जराशी तिरकी असते!

पण एवढी मोजामोज कशाला? पावसाळ्यात सांगलीत जो तो विचारतो, "आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट?" कालचा आकडा माहीत असेल तरच आज पाणी चढलं की उतरलं ते कळतं. बर्फाचंही तसंच. नव्या उंचीतून जुनी वजा केली की बर्फ कुठे खचला ते कळतं. जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात गेला की समुद्र वर चढतो. म्हणून ही वजाबाकी फार मोलाची!

आज दूध तापून निवलं की सायीकडे नीट बघ. एक डोळा मीट, मग दुसरा. कुठली सुरकुती जास्त सरकली?