भाड्याची वास्तू, जनतेचा पैसा

हैदराबादचे विद्यानगर उस्मानिया विद्यापीठाच्या सान्निध्यात वसले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. तोपर्यंत तेथील मराठी माणसाची राजधानी हैदराबादच होती. आदिलाबादकडील मराठी भाषिकांची ती आजही आहे. अशा नगरातील एखाद्या खाजगी इमारतीवर शासकीय कार्यालयाची पाटी लागली, की येणाराजाणारा ती वाचून पुढे जातो. परंतु आतील फळ्यांच्या भिंती, विजेची जोडणी आणि टेबले-कपाटे यांवरील खर्चाची देखरेख कोण करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शासनाला जागा भाड्याने घ्यावी लागते, ती बहुधा घाईच्या वेळी. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. हैदराबाद ही जास्तीत जास्त दहा वर्षे संयुक्त राजधानी राहील, अशी तरतूद होती. तथापि २०१६ पासूनच आंध्र प्रदेशची कार्यालये विजयवाडा परिसरात हलू लागली आणि त्यांपैकी अनेकांना भाड्याच्या इमारतींचा आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षी ११ ऑक्टोबर रोजी तेलंगणातील जिल्ह्यांची संख्या १० वरून ३१ झाली व २०१९ मध्ये ती ३३ वर गेली. एकट्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला. त्याच्या मुख्यालयाची नवी वास्तू २०२१ मध्ये सिद्ध झाली. जिल्हा एका दिवसात जाहीर होतो, इमारत मात्र एका दिवसात उभी राहत नाही. म्हणून भाड्याची जागा घेणे हा दोष नव्हे. दोष शिरतो तो तिच्या सजावटीच्या हिशेबात.

या खर्चाचे दोन भाग पडतात. टेबल, खुर्ची, कपाट या वस्तू कार्यालयाबरोबर हलविता येतात व त्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. फरशी, छताखालील आच्छादन, भिंतीतील तारा यांचे तसे नाही. जागा सोडताना त्या बहुधा मालकाच्या पदरात पडतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, भाडेकरूला स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. परंतु त्या जागेचा ताबा असेतोवरच, आणि जागा मूळ स्थितीत सोडून. म्हणून कोणते काम मालकाने करून द्यावयाचे, कोणते शासनाने, आणि अखेरीस काय कोणाचे, हे करारातच स्पष्ट असले पाहिजे. तीन वर्षांच्या जागेवर तीस वर्षे टिकणारा खर्च करणे म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर आपले आंबे लावणे होय.

काम सुरू झाल्यावर खरी कसोटी लागते ती मोजमाप पुस्तिकेची. किती चौरस मीटर फळी बसली, किती मीटर तार ओढली, याची नोंद जागेवर मोजून व्हावयास हवी. तार भिंतीत गाडली गेली आणि छत झाकले गेले, की नंतर मोजणारा केवळ अंदाज करू शकतो. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोजणे, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ वाद टळतात.

राज्यांच्या खर्चाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. त्यांचे अहवाल विधानमंडळापुढे ठेवले जातात व लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु लेखापरीक्षक येईपर्यंत सुतार निघून गेलेला असतो. ही उणीव नागरिकाची नजर भरून काढू शकते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक नागरिकास कागदपत्रांच्या प्रती मागता येतात. इतकेच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करता येते व वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले व राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क पडत नाही. भाडेकरार, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि अंतिम देयक हे पाच कागद एकत्र ठेवून पाहिले, की बहुतेक चित्र स्पष्ट होते.

हिशेब केवळ रुपयांचाच नसतो. सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना सुलभ प्रवेश असावा, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सांगतो. अधिकाऱ्याच्या दालनाला उत्तम लाकूड लागले, पण जिन्याशेजारी उतरण नाही व उद्वाहनही नाही, तर निवृत्तिवेतनाच्या कामासाठी दूरच्या गावाहून आलेली वृद्धा पहिल्याच पायरीशी थांबते. तिच्या दृष्टीने ते कार्यालय उघडलेच नाही.

कार्यालयप्रमुखाने प्रवेशद्वाराशी एक फलक लावून जागेचे क्षेत्रफळ, मासिक भाडे, कराराची मुदत, सजावटीचा मंजूर खर्च व ठेकेदाराचे नाव लिहिले, तर अर्धे अर्ज करावेच लागणार नाहीत. माहिती आपणहून प्रसिद्ध करणे हे उपरोक्त अधिनियमाच्या कलम ४ चेच तत्त्व आहे. गावच्या शिक्षकाने ग्रामस्थास असा अर्ज लिहावयास शिकविले, तर तेही लोकशिक्षणच ठरेल. प्रामाणिक अधिकाऱ्यास अशा विचारणेचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट वेळेवर विचारलेला प्रश्न त्याच्याच कामाची साक्ष ठरतो. भिंती मालकाच्या असल्या, तरी त्यांच्या आत खर्च होणारा पैसा जनतेचा आहे.