श्रद्धेचे बीज आणि हॉटेलच्या खोल्या

उंट आणि सुईचे नाक हा येशू ख्रिस्ताचा दृष्टांत ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही परिचित आहे. धनवंताला स्वर्गाचे दार किती अरुंद आहे, हे बजावणाऱ्या या धर्माच्याच नावाने विसाव्या शतकातील अमेरिकेत ‘समृद्धीची सुवार्ता’ उदयास आली. आरोग्य, घर आणि पैसा हा श्रद्धावंताचा हक्कच होय, असे ती सांगू लागली. याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही.

श्रद्धा आणि सुबत्ता यांचे नाते तसे जुनेच. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने अठराव्या शतकात आपल्या अनुयायांना सचोटीची कमाई, काटकसर आणि दान असा तिहेरी उपदेश केला. अनुयायांनी त्यांपैकी पहिले दोन मनोभावे पाळले! धर्मामुळे माणूस उद्योगी व मितव्ययी होतो, त्यातून संपत्ती येते आणि संपत्तीबरोबर धर्म ओसरतो, ही खंत वेस्लीने उतारवयात बोलून दाखविली. भांडवलशाहीची मीमांसा करताना माक्स वेबरने तिची आवर्जून दखल घेतली आहे.

या जुन्या साखळीत श्रम आणि बचत हे दुवे तरी होते. नव्या सुवार्तेने ते गाळून टाकले. ओक्लाहोमातील ओरल रॉबर्ट्स यांनी देणगीला ‘श्रद्धेचे बीज’ म्हटले. देव ते कित्येक पटींनी परत करील, ही त्यामागील हमी. दानाची अशी गुंतवणूक झाली की जोखीम कोणाची, हा प्रश्न ओघानेच येतो. पीक आले तर उपदेशकाचा शब्द खरा. न आले तर देणाऱ्याची श्रद्धा उणी. विम्याचा विषय शिकविताना मी विद्यार्थ्यांना सांगतो की, संकट आले म्हणजे विमेदाराने पैसे मागावयाचे असतात. येथे संकट वाढले की उपदेशकच आणखी बीज मागतो.

जिम बेकर हे दूरचित्रवाणीवरील उपदेशक सापडले, ते वेगळ्या कारणाने. साऊथ कॅरोलिनामध्ये त्यांनी ‘हेरिटेज यूएसए’ हे ख्रिस्ती विश्रामनगर उभारले आणि १,००० डॉलर देणाऱ्यास आजन्म दरवर्षी तीन रात्रींचा विनामूल्य मुक्काम देऊ केला. भागीदार लाखाहून पुष्कळ अधिक झाले आणि १५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली. पूर्ण झालेल्या हॉटेलात खोल्या होत्या सुमारे ५००. त्या वर्षभर रोज दिल्या तरी साठेक हजार भागीदारांपलीकडे सोय होणे नाही. हा भागाकार शाळकरी मुलालाही जमावा. १९८९ मध्ये ज्यूरीने बेकर यांना चोवीसही आरोपांत दोषी ठरविले. पंचेचाळीस वर्षांची शिक्षा अपिलानंतर कमी झाली आणि १९९४ मध्ये ते सुटले. पुढे १९९६ मधील आत्मकथनात त्यांनी समृद्धीची ही शिकवण चुकीची होती, अशी कबुलीही दिली.

शिक्षा झाली ती न मिळालेल्या खोल्यांबद्दल. न फळलेल्या आशीर्वादाबद्दल खटला भरता येत नाही. चर्चला अमेरिकेच्या करखात्याकडे वार्षिक विवरणपत्र भरावे लागत नाही. सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी २००७ मध्ये अशा सहा संस्थांकडे हिशेब मागितला, तेव्हा चौघींनी पूर्ण माहिती दिली नाही, आणि २०११ मध्ये ती चौकशी कोणावरही कारवाई न होता संपली.

या संस्थांना पैसे पाठविणाऱ्यांत बेताच्या मिळकतीची, वयस्क माणसे पुष्कळ. त्यांना लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. रुग्णालयाच्या एका बिलाने मध्यमवर्गीय कुटुंब कर्जबाजारी होऊ शकते अशा देशात, उद्याची शाश्वती विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक जाणारच. बेकरही २००३ मध्ये पडद्यावर परतले होते. २०२० च्या साथीत त्यांच्या कार्यक्रमातून कोरोनावर गुणकारी म्हणून चांदीचे द्रावण विकले गेले. मिसूरी राज्याने दावा लावला आणि २०२१ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना सुमारे १ लाख ५६ हजार डॉलर परत करण्याचे ठरले. तो दावाही बाटल्यांपुरताच होता.