मयेतील चिरेबंदी घरात वॉल-हंग कमोड : भिंत आधी, भांडे नंतर

डिचोली तालुक्यातील मये गावात घराच्या दुरुस्तीचा विषय अनेक वर्षे कागदपत्रांपाशी अडून राहिला. गोवा मुक्तीनंतर गावातील मोठी जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. १९६४ च्या कायद्याने तिचा कारभार कस्टोडियनकडे गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या नावावर घराखालची जमीन आली नाही. २०१४ मध्ये विधानसभेने नवा कायदा केला व त्यानंतर टप्प्याटप्प्याने सनदा देण्याचे काम सुरू झाले. हक्काचा कागद हाती आला की घरमालकाचे लक्ष प्रथम दोन गोष्टींकडे जाते: गळणारे छप्पर आणि परसातील जुनी न्हाणी. घरातील वडीलधाऱ्यांना उकिडवे बसणे जमेनासे झाले की शौचालय घराच्या आत घेण्याचा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. अशा वेळी दुकानात सर्वांत आधी दाखवला जातो तो भिंतीवर टांगलेला कमोड, म्हणजेच वॉल-हंग कमोड.

त्याचे आकर्षण खरे आहे. भांड्याखालची फरशी मोकळी राहते, झाडू व पोछा सहज फिरतो, फ्लशची टाकी डोळ्यांआड जाते आणि बैठकीची उंची घरातील माणसांच्या गरजेनुसार ठरवता येते. मात्र हा कमोड चिरेबंदी किंवा मातीच्या जुन्या घरात बसवताना भांड्याच्या रंगरूपापेक्षा भिंतीचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. भांडे नंतर बदलता येते. भिंतीत झालेली चूक फरशा फोडल्याशिवाय सुधारता येत नाही.

भार नेमका कुठे पडतो?

जमिनीवर बसणाऱ्या कमोडचा भार थेट फरशीवर उतरतो. टांगलेल्या कमोडचे तसे नाही. त्याचे भांडे भिंतीपासून साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर पुढे येते व दोन बोल्टांवर पेलले जाते. बसणाऱ्याच्या वजनामुळे भांड्याची खालची कड भिंतीवर दाबली जाते, तर बोल्ट बाहेरच्या बाजूला ओढले जातात. ८० किलो वजनाची व्यक्ती भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर बसली आणि बोल्ट खालच्या कडेपासून २० सेंटिमीटर उंच असले, तर तरफेच्या साध्या हिशेबाने दोन बोल्टांवर मिळून सुमारे १२० किलोची ओढ येते. कोणी धपकन बसले तर ती क्षणभर आणखी वाढते. युरोपीय मानकांनुसार अशी भांडी ४०० किलोच्या भाराखाली तपासली जातात. म्हणजे भांडे सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती बोल्ट धरणारी भिंत.

चिरा अर्थात जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत राहून टणक होतो. तरीही तो सच्छिद्रच राहतो. काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा फासनर चिऱ्यात ठोकला तर भोवतीचा दगड भुगा होऊन सैल पडू शकतो. जुन्या घरांत चिरे मातीच्या सांध्यांनी बांधलेले असल्यास धोका वाढतो, कारण ओढ एका चिऱ्यावर आली तरी सांधा हलतो. त्यामुळे भांडे केवळ भिंतीला बोल्ट मारून लटकवण्याचा स्वस्त मार्ग जुन्या घरात टाळलेलाच बरा.

पूर्ण फ्रेम हाच सुरक्षित पर्याय

बाजारात लोखंडी आधाराचे दोन प्रकार मिळतात. अर्धी फ्रेम भिंतीलाच जखडली जाते व तिला भरीव वीट किंवा काँक्रीटची भिंत लागते. पूर्ण फ्रेमला पाय असतात. ते जमिनीत बोल्टने बसवले जातात आणि बहुतांश भार भिंतीऐवजी जमिनीवर जातो. चिरेबंदी घरासाठी दुसरा प्रकार निवडावा. मात्र जुन्या घरात फरशीखाली बहुधा मातीची भर असते. तिच्यावर फ्रेमचे पाय रोवून उपयोग नाही. त्या जागेपुरती माती काढून १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर घालावा, तो पुरेसा पक्का होऊ द्यावा आणि मगच फ्रेम उभी करावी.

टाकीसाठी जुनी भिंत पोखरू नये. चिऱ्यांची भिंत छपराचाही भार वाहत असते. तीत मीटरभर उंचीची खाच पाडणे म्हणजे घराच्या आधारालाच हात लावणे होय. त्याऐवजी भिंतीसमोर फ्रेम उभी करून तिला विटांची किंवा सिमेंटच्या पत्र्याची सुमारे चार फूट उंच पडदी घालावी. त्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर जागा खर्ची पडते, पण वर सामान ठेवण्यास फळी मिळते आणि मूळ भिंत अबाधित राहते.

शक्यतो परसाच्या बाजूची बाहेरची भिंत निवडावी. देवखोली किंवा झोपण्याच्या खोलीला लागून असलेली भिंत टाळावी. चिरा पाणी शोषून घेतो. दडवलेल्या टाकीची गळती दिसत नाही. तिची पहिली खूण पलीकडच्या खोलीत फुगलेल्या रंगाच्या रूपाने दिसते. पावसाळ्यात सगळ्याच भिंतींना ओल येत असल्याने ही खूण ओळखण्यासही उशीर होतो.

खरेदीपूर्वी मोजायची मापे

भांड्याच्या दोन बोल्टांमधील अंतर १८० किंवा २३० मिलिमीटर असते. फ्रेम आणि भांडे वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्यास हे अंतर जुळते का, ते आधी पाहावे. बैठकीची उंची तयार फरशीपासून ४० ते ४३ सेंटिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी ती ४५ ते ४८ सेंटिमीटरपर्यंत नेता येते. येथे ‘तयार फरशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या फरशीवरून माप घेऊन फ्रेम बसवली आणि नंतर मसाला व टाइल्स मिळून पाच सेंटिमीटर चढले, तर भांडे तेवढेच बुटके होते. भांड्याच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान ३८ सेंटिमीटर आणि समोर ६० सेंटिमीटर जागा मोकळी असावी. उठताना धरायच्या दांड्याची जागा याच टप्प्यावर ठरवून तिथेही पडदीच्या आत भक्कम आधार द्यावा. नुसत्या टाइलवर बसवलेला दांडा ज्येष्ठ व्यक्तीचा तोल सावरू शकत नाही.

पाण्याचा दाब व गढूळपणा

भिंतीत टाकी दडवण्याची पद्धत स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने १९६४ मध्ये बाजारात आणली. आज अनेक कंपन्यांच्या टाक्या मिळतात. त्यांतून थोड्या फ्लशला ३ व पूर्ण फ्लशला ६ लिटर पाणी जाते. जुन्या टाक्या एका वेळी सुमारे १० लिटर सोडत.

एकमजली घरात छतावरील टाकीतील पाण्याची पातळी नळापासून तीनेक मीटर उंच असते. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, हे लक्षात घेता घरात ०.३ बारच हाती येतो. दडवलेली टाकी भरायला तो पुरतो. टाकीविना थेट नळावर चालणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हला मात्र तो अपुरा पडतो. दोन्ही वस्तू बाहेरून सारख्याच दिसतात, कारण भिंतीवर दिसते ती फक्त बटणाची पट्टी. म्हणून घेताना ‘टाकी की व्हॉल्व्ह’ हे स्पष्ट विचारावे.

डिचोलीची जमीन लोहयुक्त असल्याने विहिरीच्या पाण्यात तांबूस गाळ येऊ शकतो. तो टाकीच्या तळाच्या रबरी सीलवर बसला की पाणी भांड्यात सतत झिरपते. टाकीकडे जाणाऱ्या नळीवर साफ करता येईल अशी जाळी आणि स्वतंत्र बंद करण्याची तोटी असावी. झिरप ओळखण्यासाठी टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर सील बदलावे. टाकीतील सर्व भाग बटणाच्या पट्टीमागील खिडकीतून निघतात. ती खिडकी टाइलने बुजवू नये. जेट स्प्रेची वेगळी जोडणीही याच वेळी काढून घ्यावी.

मैला जातो कुठे?

टांगलेल्या कमोडचे निर्गमन आडवे असते. तळमजल्याच्या घरात ही सोयच आहे: ११० मिलिमीटरची नळी भिंतीतून थेट बाहेरच्या चेंबरमध्ये नेता येते आणि फरशी फोडावी लागत नाही. नळीला दर ४० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा. कमी पाण्याचा फ्लश असल्याने जास्त वळणे व लांब पल्ला टाळावा. दुर्गंधीचा वायू बाहेर जाण्यासाठी छपरापेक्षा उंच व्हेंट पाइप हवा.

खरी काळजी त्यापुढे आहे. भारतीय मानकानुसार सेप्टिक टाकीचे पाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावी. चिऱ्याच्या जमिनीतून पाणी भराभर झिरपते आणि गोव्याच्या मुसळधार पावसात भूजल वर येते. शेजाऱ्याची विहीर कुंपणापलीकडे असली, तरी तेही अंतर मोजलेच पाहिजे. टाकी आधीपासून भरून उपसत असेल तर नव्या भांड्यावर खर्च करण्यापूर्वी ती दुरुस्त करावी. नवी टाकी किंवा वाढीव बांधकाम करायचे असल्यास मये-वायंगिणी पंचायतीकडे आधी लेखी विचारणा करावी. सनदेचा अर्ज प्रलंबित असलेल्या घरांनी तर ही पायरी वगळू नये.

टाइल लावण्यापूर्वी २४ तास

फ्रेम, टाकी व नळ्या जोडून झाल्यावर टाकी भरून एक दिवस तशीच ठेवावी. प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा आणि दहा-बारा वेळा फ्लश करून चेंबरपर्यंतचा प्रवाह तपासावा. शेजारी मोजपट्टी धरून नळ्यांची छायाचित्रे काढावीत. पुढे भिंतीत खिळा मारताना ती उपयोगी पडतात. प्लंबर व टाइल लावणारा हे दोघे वेगळे असतील तर ही तपासणी दोघांच्या उपस्थितीत व्हावी. गळती निघाल्यावर परस्परांकडे बोट दाखवण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

भांडे व टाइल यांमध्ये कंपनीची फोमची चकती घालावी. बोल्ट आलटून पालटून, बेताने आवळावेत. अतिरेक केल्यास चिनी मातीला तडा जातो. सिलिकॉन वरच्या व बाजूच्या कडांना भरावे, खालची कड मोकळी ठेवावी. आत पाणी गळू लागले तर ते तिथूनच बाहेर येऊन घरातल्यांना दिसेल.

न घेण्याचीही कारणे

ज्या घरात जमिनीतून जाणारी जुनी नळी सुस्थितीत आहे, न्हाणी चिंचोळी आहे किंवा खर्चाची मर्यादा आहे, तिथे जमिनीवर बसणारा कमोडच योग्य. त्यालाही कमी पाण्याची दुहेरी फ्लश टाकी लावता येते, उंच बैठकीची भांडी मिळतात आणि बिघाड झाल्यास गावातील कोणताही प्लंबर तो उघडू शकतो. टांगलेल्या कमोडसाठी फ्रेम, काँक्रीट, पडदी व कुशल कारागीर यांवरचा खर्च भांड्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर हा खर्च नसतो. म्हणून मेस्त व प्लंबर दोघांनाही जागेवर बोलावून, भिंत व टाकी दाखवून अंदाज घ्यावा आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी.