एपीआयची आवृत्ती आणि ओळख : लायब्ररी निवडताना काय पाहायचं?

आज आपण नवीन जालन्यात बसलोय, तर उदाहरणही मोंढ्याचंच घेऊ. समजा, आपण मोसंबीच्या रोजच्या भावाचं ॲप केलं. आधी एपीआय भावाचा एकच आकडा पाठवत होता. मग मागणी आली की किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव द्या. आपण सर्व्हरवर बदल केला. ज्यांनी ॲप अद्ययावत केलं नव्हतं, त्यांच्या फोनवर ऐन लिलावाच्या वेळी भावाची जागा कोरी!

म्हणून एपीआयला आवृत्ती लागते. जुन्या फोनला व्ही१ मिळत राहील, नव्याला व्ही२. दुसरा प्रश्न ओळखीचा. भाव कुणीही पाहावा, पण बदलणारा माणूस खरंच बाजार समितीचा आहे का, हे कसं ठरवायचं?

या दोन्ही कामांना मुक्त स्रोत लायब्ररी आहेत. पण दोन्हींची जोखीम सारखी नाही, आणि आमचं आजचं सांगणं तेवढंच आहे.

आवृत्तीचं काम तसं साधं. पत्त्यातच व्ही१, व्ही२ लिहिलं तरी भागतं. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये तर आवृत्तीच्या पाच पद्धती तयारच मिळतात; वेगळी लायब्ररी कशाला? जुनी आवृत्ती कधी बंद होणार हे कळवायला २०१९ च्या आरएफसी ८५९४ मध्ये 'सनसेट' नावाचा हेडर दिलाय. तो जरूर वापरा. इथे चूक झाली तर पाटी कोरी दिसते, आणि ती लगेच लक्षात येते.

ओळखीत चूक झाली तर लक्षातच येत नाही. जेडब्ल्यूटी टोकन म्हणजे सही-शिक्क्याची पावती समजा. शिक्का कोणत्या पद्धतीचा, हे त्याच पावतीवर लिहिलेलं असतं. २०१५ मध्ये उघड झालं की काही लायब्ररी 'शिक्का नाही' असं लिहिलेली पावतीही खरी मानत होत्या! म्हणजे पावतीच म्हणते, 'मला तपासू नका', आणि दारावरचा माणूस म्हणतो, 'बरं, जा आत.' म्हणून कोणता शिक्का चालेल हे आपल्या सर्व्हरनं ठरवायचं. पायथॉनच्या पायजेडब्ल्यूटीनं २.० आवृत्तीपासून हे सांगणं सक्तीचं केलं. अशा चुका आपल्या एकट्याला दिसणार नाहीत. म्हणून ओळखीचा कोड स्वतः लिहू नका. अनेकांनी तपासलेलाच घ्या.

मग निवड कशी करायची? गिटहबवरचे तारे मोजून नाही. गो भाषेतली जेडब्ल्यूटीची एक खूप वापरली जाणारी लायब्ररी मूळ लेखकाकडून सांभाळली जाईना, तेव्हा २०२१ मध्ये इतरांनी ती 'गोलँग-जेडब्ल्यूटी' या नव्या नावानं पुढे नेली. जुन्या ठिकाणचे तारे तसेच राहिले. डॉट नेटमधल्या आवृत्तीच्या लायब्ररीचंही पॅकेज २०२२ मध्ये नाव बदलून आलं. जुन्या नावावर थांबलेल्यांना नव्या सुधारणा मिळत नाहीत.

परवानाही वाचा. आयडेंटिटीसर्व्हर४ मोफत होतं. २०२० मध्ये त्याच्या कर्त्यांनी ड्युएंडे सॉफ्टवेअर ही कंपनी काढली आणि पुढचं काम व्यावसायिक परवान्याखाली आणलं. जुन्याचा पाठिंबा २०२२ अखेर संपला. यात त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही; काम करणाऱ्याला पोट आहेच. छोट्या कंपन्यांसाठी त्यांनी मोफत सोयही ठेवली. पण आपल्याला हे आधी माहीत हवं. कीक्लोक किंवा ओपनइडिक्ट हे पर्याय अपाची परवान्याखाली आहेत. मात्र कीक्लोक हा स्वतंत्र सर्व्हर आहे, तो सांभाळायला माणूस लागतो.

तर घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या प्रकल्पातली ओळखीची लायब्ररी उघडा. शेवटची आवृत्ती कधी आली, सांभाळणारे किती जण आहेत, सुरक्षेची तक्रार कुठे करायची हे लिहिलंय का, परवाना कोणता, हे चार रकाने भरा. आणि त्या लायब्ररीला हाक मारणारा कोड एकाच फाइलमध्ये आणा, म्हणजे उद्या ती बदलावी लागली तर सगळं घर उकरावं लागणार नाही.

आता प्रश्न विचारा.